मनकऱ्याचा शामियाना : शत्रूच्या मृत्यूचा आनंद आणि इतिहासकाराचा न्याय

१

नागपूरहून निघून छत्तीसगडमार्गे ओडिशा व बंगालकडे जाणाऱ्या सैन्याला वैनगंगा ओलांडल्यावाचून गत्यंतर नसते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा पूर्वेकडे वारंवार गेल्या, त्या वेळी आजचा भंडारा जिल्हा हा त्यांच्या राज्याचा पूर्वेकडील उंबरठा होता. या उंबरठ्यावरून गेलेल्या स्वाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ बंगालच्या इतिहासाचा नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार समाजाविषयी रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक परंपरा नोंदविली आहे. चिमणाजी भोसल्यांच्या कटक-मोहिमेत या मंडळींनी साहाय्य केले आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेकडील पडीक व जंगली जमिनी मिळाल्या, अशी ती परंपरा होय. येथील चिमणाजी म्हणजे बहुधा मुधोजींचा पुत्र खंडोजी ऊर्फ चिमणाबापू. त्याची स्वारी १७७९ सालची, म्हणजे प्रस्तुत लेखाच्या विषयानंतर पस्तीस वर्षांची आहे. तथापि ज्या वाटेने तो गेला ती वाट भास्करराम कोल्हटकराच्या पिढीने पाडलेली होती. भंडाऱ्याच्या काही धानबांध्यांचा इतिहास अशा रीतीने कटकेच्या रस्त्याशी जोडलेला आहे.

हे प्रास्ताविक करण्याचे कारण असे की, शत्रूच्या मृत्यूचा आनंद मानावा की मानू नये या जुन्या नैतिक प्रश्नाचा विचार आपण बहुधा विजेत्याच्या आसनावरून करतो. मरणारा परका असतो आणि आनंद आपला असतो. आपल्या आनंदाला कारणे सापडण्यास फारसा विलंब लागत नाही. परंतु १७४४ साली बंगालमधील मनकरा या ठिकाणी जो पुरुष मारला गेला आणि ज्याच्या मरणावर बंगालने सुटकेचा निःश्वास टाकला, तो आपल्याकडचा होता. त्या आनंदातला शत्रू आपण होतो. म्हणूनच हा प्रसंग वैनगंगेच्या काठच्या अभ्यासकाला या प्रश्नाची खरी परीक्षा घेऊ देतो, असे आम्हांस वाटते.

२

घटना थोडक्यात अशी. भास्करराम कोल्हटकर हा सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांचा विश्वासू कारभारी व सेनानी. १७४१ मध्ये रतनपूरच्या हैहय राजास शरण आणून त्याने छत्तीसगडचा मार्ग मोकळा केला, आणि पुढच्याच वर्षी एप्रिल महिन्यात तो बंगालमध्ये उतरला. सुभेदार अलिवर्दीखान ओडिशाहून परतत असता बरद्वानजवळ त्याला मराठ्यांनी गाठले. मीर हबीब हा माहितगार मुत्सद्दी मराठ्यांस येऊन मिळाला. मे महिन्यात राजधानी मुर्शिदाबादेवर छापा पडला आणि जगत्‌शेठाची पेढी लुटली गेली. काटवा हे मराठ्यांचे ठाणे झाले व हुगळी त्यांच्या हाती गेली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी भयाने शहराभोवती खंदक खोदण्यास प्रारंभ केला. तो पुरा झाला नाही, परंतु ‘मराठा खंदक’ हे त्याचे नाव मात्र राहिले.

त्या वर्षी शरद ऋतूत भास्कररामाने काटव्यास मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. ती पुरी होण्यापूर्वीच २७ सप्टेंबर १७४२ च्या पहाटे अलिवर्दीने अचानक हल्ला करून मराठ्यांना उधळून लावले. १७४३ मध्ये स्वतः रघूजी आले. त्याच वर्षी पेशवा बाळाजी बाजीराव अलिवर्दीचा साहाय्यक म्हणून बंगालमध्ये उतरला आणि त्याने आपला खर्च सुभेदाराकडून वसूल केला. ऑगस्टअखेर शाहूमहाराजांच्या मध्यस्थीने पेशवा व रघूजी यांच्यात मुलूख वाटला गेला. त्यानंतर १७४४ च्या प्रारंभी भास्करराम पुन्हा बंगालवर चालून आला, तेव्हा अलिवर्दीजवळ लढण्यास पैसा नव्हता आणि दोन मराठी सत्तांस एकाच वेळी खंडणी देण्याचे त्राण नव्हते.

तेव्हा त्याने कपटाचा अवलंब केला. अफगाण सेनानी मुस्तफाखान आणि दिवाण राजा जानकीराम हे भास्कररामाकडे तहाचे बोलणे घेऊन गेले. धर्माच्या शपथा वाहून त्यांनी त्याच्या सुरक्षिततेची ग्वाही दिली. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे उभारलेल्या भव्य शामियान्यात भास्करराम आपल्या सरदारांसह भेटीस आला. यांपैकी भास्करराम कोण हे निश्चित होताच सुभेदाराने इशारा केला, पडद्यामागील सैनिक बाहेर पडले, आणि भास्करराम व त्याचे वीसहून अधिक सरदार जागच्या जागी कापले गेले. तळावर मागे राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा उरलेले सैन्य घेऊन निसटला. सुभेदाराने या कामगिरीबद्दल सैन्यास दहा लाख रुपये बक्षीस वाटले आणि आपल्या सरदारांसाठी दिल्लीहून बढत्या आणविल्या, असे बंगालचे इतिहासकार सांगतात.

३

या मृत्यूचा आनंद बंगालमध्ये का व्हावा, हे समजण्यासाठी एक बंगाली काव्य उपयोगी पडते. गंगाराम नावाच्या कवीचे ‘महाराष्ट्रपुराण’ हे ते काव्य होय. त्याचे हस्तलिखित मैमनसिंग जिल्ह्यात मिळाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते छापले गेले. एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इ. स. १७५१, हे साल आहे. काव्याचा जो भाग उपलब्ध आहे त्याचे नाव ‘भास्कर-पराभव’ असून भास्कररामाच्या वधापाशी तो संपतो. शत्रूच्या मृत्यूवर रचलेली ही कृती आहे, याविषयी शंका नाही.

मराठी वाचकाने हे काव्य एकदा तरी धीराने वाचावयास हवे. त्यात गावेच्या गावे पळत सुटलेली दिसतात. ब्राह्मण पोथ्यांचा भार घेऊन, सोनार काटा-वजने घेऊन, प्रत्येक जातीचा मनुष्य आपल्या धंद्याचे साधन पाठीवर टाकून निघतो. घरे जाळली जातात, द्रव्यासाठी माणसांचे हाल केले जातात आणि स्त्रियांची विटंबना होते. ब्राह्मण, वैष्णव, गाय यांपैकी कशाचाही मुलाहिजा राखला जात नाही. कवीला शत्रू रंगविण्यात अतिशयोक्तीचा मोह झाला असेल असे म्हणावे, तर सलीमुल्लासारख्या फारसी इतिहासकाराचे कथन त्याला दुजोरा देते. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो ‘बारगीर’ हा आपल्या लष्करी भाषेतला निरुपद्रवी शब्द. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि मुलांना निजविण्याच्या गाण्यात तो भयाचे नाव म्हणून शिरला. एखाद्या शब्दाचे असे स्थलांतर हा दस्तऐवजाइतकाच भक्कम पुरावा मानला पाहिजे.

तथापि या काव्याची खरी विशेषता अन्यत्र आहे. गंगारामाने कथेचा आरंभ मराठ्यांच्या पापापासून केलेला नाही, तो बंगालच्या लोकांच्या पापापासून केला आहे. लोक अधर्माने वागू लागले, तो भार पृथ्वीला असह्य झाला, आणि शिवाच्या आज्ञेने नंदीने साताऱ्याच्या शाहूराजाच्या ठायी प्रवेश केला. म्हणजे स्वारी ही आपल्याच दोषांची शिक्षा म्हणून आली. पुढे शिक्षा करणाऱ्यांनीच मर्यादा सोडली, तेव्हा देवी क्रुद्ध होऊन भास्कररामावर उलटली. ज्या देवीची पूजा त्याने काटव्यास मांडली होती, तिनेच त्याचा त्याग केला. शिवाय सुभेदाराची मसलत आणि मुस्तफाखान-जानकीरामांची मध्यस्थी कवीने लपविलेली नाही. आनंद मानताना स्वतःला निर्दोष ठरविण्याची घाई या ग्रामीण कवीने केली नाही, ही गोष्ट अनेक विद्वान इतिहासकारांनी शिकण्यासारखी आहे.

४

येथे एक आक्षेप संभवतो. बंगालचा आनंद समजण्यासारखा असला तरी तो विश्वासघाताने मिळविलेल्या मृत्यूचा आनंद होता, आणि म्हणून तो निंद्य होय, असे कोणी म्हणेल. मराठी इतिहासलेखनाचा सामान्य सूर हाच आहे, आणि विश्वासघाताचा निषेध हा योग्यच आहे. परंतु हा आक्षेप घेणाऱ्याने आणखी एका शामियान्याची आठवण ठेवली पाहिजे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी असाच एक शामियाना उभारला होता. तेथेही मुलुखावर चालून आलेला सेनानी भेटीस बोलावला गेला, तेथेही वकिलांमार्फत अभयाची बोलणी झाली होती, आणि तेथूनही तो सेनानी जिवंत परतला नाही. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. उपलब्ध मराठी पोवाड्यांत तो सर्वांत जुन्यांपैकी गणला जातो, आणि शाहिराचा गौरव झाल्याची परंपरा आहे. गंगारामाचे काव्य आणि अज्ञानदासाचा पोवाडा यांमध्ये शंभर वर्षांहून कमी अंतर आहे. आक्रमकाच्या मरणाने मोकळा झालेला मुलूख दोघांच्याही मागे उभा आहे.

दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे आहेत असे आमचे म्हणणे नाही. प्रतापगडच्या भेटीत पहिला वार खानाने केला असे मराठी साधने सांगतात, तर खाफीखानासारखा मोगल इतिहासकार कपटाचा आरोप शिवाजीमहाराजांवर करतो. दोघेच समोरासमोर भेटण्याच्या त्या प्रसंगी उभय पक्षी संशय होता आणि उभयतांनी शस्त्रे बाळगली होती. मनकऱ्यास मात्र वध आधीच ठरलेला होता आणि बंगालच्या साधनांनीही तो झाकलेला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु फरक सांगणे वेगळे आणि आपल्या पोवाड्यास वीररस व परक्यांच्या काव्यास द्वेष म्हणणे वेगळे. दोन शामियान्यांस दोन मापे लावणारा लेखक इतिहास लिहीत नाही, तो आपल्या पक्षाचे वकीलपत्र लिहितो.

प्रतापगडावर आणखी एक गोष्ट आहे. पोवाड्याच्या शेजारीच, गडाच्या पायथ्याशी, खानाची कबर आहे. मृत शत्रूला माती मिळाली आणि त्याच्या मरणाची जागा ओळखता येण्याजोगी राहिली. पोवाडा आणि कबर ही दोन्ही एकाच मुलुखाने सांभाळली, यात आपल्या परंपरेचा उत्तम अंश दिसतो.

५

मग योग्य माप कोणते? या बाबतीत आपल्या महाकाव्यांनी बराच विचार केलेला आहे. रामायणात रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराविषयी कचरतो, तेव्हा राम त्यास समजावितो की वैराची मर्यादा मरणापर्यंतच असते, आणि रावणाचे उत्तरकार्य यथाविधी करावयास लावतो. महाभारतात मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकाला भीम पाय लावतो, आणि त्याला अडविणारा युधिष्ठिर असतो. ज्याच्यामुळे तेरा वर्षे वनवास व अज्ञातवास भोगला त्याच्या पाडावाने युधिष्ठिरास समाधान झाले नसेल असे नाही. परंतु समाधान आणि विटंबना यांमधील रेषा तो ओळखतो. द्रोणाच्या वधाची कथा तर मनकऱ्याच्या प्रश्नाला थेट भिडते. अर्धसत्य बोलून गुरूला निःशस्त्र केल्यावर युधिष्ठिराचा, आजवर जमिनीवरून चार अंगुळे वर चालणारा रथ भूमीला टेकला. युद्ध जिंकले गेले आणि रथ खाली आला. महाभारतकाराने या दोहोंपैकी एकही गोष्ट गाळली नाही.

ग्रीकांच्या ओडिसीतही असाच एक प्रसंग आहे. घर बळकावून बसलेल्या उन्मत्त मंडळींना ओडिसियसने ठार केल्यावर म्हातारी दाई हर्षाने ओरडू लागते. तो तिला थांबवितो. मनातल्या मनात आनंद मान, परंतु मेलेल्यांवर जयघोष करणे हे पाप आहे, अशा आशयाची समज तो तिला देतो. भावना आणि उत्सव यांमधील हा भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे.

या उदाहरणांवरून तीन कसोट्या काढता येतील असे वाटते. पहिली, आनंद पीडा संपल्याचा आहे की व्यक्तीच्या वेदनेचा आहे? काटव्याच्या परिसरातील शेतकऱ्याने ‘आता गाव जळणार नाही’ म्हणून दिवा लावला असेल, तर त्याला नीतीचा पाठ देण्याचा अधिकार नागपूरकरांच्या वारसांना नाही. ज्याने सोसले त्याच्याकडून शोकाची अपेक्षा करणे हीदेखील एक क्रूरताच होय. दुसरी, हा आनंद साधनांवर पडदा टाकतो काय? शपथ मोडून साधलेले कार्य शपथ मोडूनच साधले असे म्हणण्याची तयारी आनंद मानणाऱ्यापाशी हवी. तिसरी, मृताला संस्कार आणि त्याच्या माणसांना शोक करण्याची जागा उरते काय? पहिल्या दोन कसोट्यांस गंगाराम बऱ्याच अंशी उतरतो. पहिल्या दोहोंत अलिवर्दीखान उतरत नाही, कारण त्याने सुटकेचा आनंद मानला एवढेच नव्हे, तर विश्वासघाताचे मोल रोख चुकते करून त्याला पराक्रमाचा दर्जा दिला.

६

ज्या कृत्याचा उत्सव होतो त्याची किंमत मागणारा लौकरच दारात उभा राहतो. मुस्तफाखानाला या वधाच्या मोबदल्यात बिहारच्या कारभाराची आशा दाखविली गेली होती. ती पुरी होत नाही असे दिसताच १७४५ च्या आरंभी त्याने बंड केले आणि ज्या रघूजींच्या सेनानीला त्याने शपथेवर आणून मारविले होते त्याच रघूजींना मदतीस बोलावले. मुस्तफाखान त्याच वर्षी बिहारमध्ये लढाईत पडला. रघूजी ओडिशात शिरले, कटक त्यांच्या हाती आले, आणि तेथील नायब दुर्लभराम कैद झाला. हा दुर्लभराम म्हणजे मनकऱ्याची शपथ वाहणाऱ्या जानकीरामाचा पुत्र. बापाच्या विश्वासघाताचा सूड मुलावर उगविण्यास याहून सोयीचा प्रसंग नव्हता. परंतु रघूजींनी त्यास मारले नाही, खंडणी घेऊन सोडून दिले. यात औदार्य किती आणि व्यवहार किती हे ठरविण्याची आवश्यकता नाही. वैराची साखळी एका ठिकाणी तुटली एवढे पुरे आहे.

युद्ध मात्र थांबले नाही. मनकऱ्यानंतर बंगालला जी उसंत मिळाली ती वर्ष-सव्वा वर्षाची. पुढे स्वाऱ्या चालूच राहिल्या आणि १७५१ मध्ये तह होऊन सुभेदाराने सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. ओडिशाचा वसूल प्रत्यक्षात भोसल्यांच्या फौजेकडे गेला आणि सुवर्णरेखा ही सीमा ठरली. गंगारामाच्या हस्तलिखितावर नेमके हेच साल असावे, हा योगायोग विचार करावयास लावतो. ज्या वर्षी भास्कर-पराभवाची ती प्रत लिहिली गेली, त्या वर्षी भास्कररामाच्या धन्याची मागणी मान्य झाली होती. ज्या मरणाने सर्व संपेल असे वाटले होते त्याने फारसे काही संपले नव्हते. आक्रमणाची कारणे पुरुषात नव्हती. ती चौथाईच्या हक्कात, सैन्याच्या थकलेल्या पगारात आणि दिल्लीच्या दुर्बलतेत होती. शत्रूच्या मृत्यूच्या उत्सवात हा बौद्धिक दोष नेहमीच असतो. तो एका देहाला सर्व कारणांची जागा देतो आणि देह पडताच कारणे नाहीशी झाली असे मानतो.

७

विजयादशमीला पूर्व विदर्भात हा प्रश्न आजही प्रत्यक्ष उभा राहतो. महाराष्ट्राचा जुना दसरा शमीपूजनाचा, आपट्याच्या पानांचा आणि सीमोल्लंघनाचा. मराठी फौजा स्वारीवर निघत त्या याच मोसमात. रावणाची प्रतिमा जाळण्याची उत्तरेकडील रीत त्यात नंतर मिसळली. आणि याच मुलुखात गोंड समाजातील अनेक मंडळी रावणास आपला पूर्वज मानतात व दहनास आक्षेप घेतात. एकाच्या दृष्टीने तो धर्माचा विजय, दुसऱ्याच्या दृष्टीने ती आपल्या पूर्वजाची दरसाल होणारी विटंबना. ज्यांचा शत्रू मेला आणि ज्यांचा माणूस मेला ते एकाच गावात शेजारी राहतात. अशा वेळी कोणाचा रावण खरा यावर वाद घालण्यापेक्षा, रावणाच्या चितेची व्यवस्था स्वतः रामाने करविली होती, याचे स्मरण उभयतांस अधिक उपकारक ठरेल.

इतिहासकाराचे कार्य यापेक्षा निराळे नाही. बंगालने भास्कररामाच्या मरणाचा आनंद मानला, तो अकारण नव्हता, असे म्हणण्याचे धैर्य त्याला हवे. तो मृत्यू विश्वासघाताने आला, हेही त्याच वाक्यात सांगण्याची निष्ठा हवी. यांपैकी पहिले अर्धे वाक्य मुर्शिदाबादेत सोपे आहे आणि दुसरे अर्धे नागपुरात सोपे आहे. वैनगंगेच्या काठी बसून पहिले अर्धे लिहिणे अवघड, म्हणूनच ते येथे लिहिले गेले पाहिजे. ज्या बांध्यांतील धान आपण खातो त्यांपैकी काहींची सनद कटकेच्या वाटेवरून आली असेल, तर त्या वाटेवर जळालेल्या गावांची नोंदही आपल्याच दप्तरात असणे न्याय्य होय.